फ्रीमाँटची सॉल्स्टिस परेड, एक खांब आणि आजीची लुगडी

सुईदोरा | ६ एप्रिल

नमस्कार मंडळी,

सिअ‍ॅटलला येऊन मला अकरा वर्षं झाली. आतापर्यंत फ्रीमाँटची सॉल्स्टिस परेड मी फुटपाथवर उभी राहून बघितली. यंदा रस्त्यावर उतरायचं ठरवलंय. आम्ही काही जण आहोत, त्यात दोन शाळकरी मुलं. मे महिन्यात आई येतेय, तीही असेल. हाताशी अडीच महिने आहेत. चुका आधीच कळाव्यात आणि कुणाला काही सुचलं तर घेता यावं म्हणून हा धागा काढतेय.

ज्यांना या परेडबद्दल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. फ्रीमाँट ही सिअ‍ॅटलमधली एक वस्ती. पुलाखाली गाडी मुठीत धरून बसलेला काँक्रीटचा राक्षस फोटोत पाहिला असेल, ती हीच. १९८९ पासून इथे जूनमध्ये, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या जवळच्या शनिवारी, फ्रीमाँट आर्ट्स कौन्सिल ही परेड भरवतं. कल्पना आली कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराहून. तिथली मिरवणूक १९७४ पासूनची.

मला ही परेड आवडते ती तिच्या नियमांमुळे. छापील किंवा लिहिलेला एकही शब्द नको, कुठल्या कंपनीचं किंवा संस्थेचं चिन्ह नको. मोटारीवर चालणारं वाहन नको, व्हीलचेअरचा अपवाद. जनावरं नकोत, खरी शस्त्रं नकोत, आग नको. जे काही पुढे सरकेल ते माणसांनी ओढून, ढकलून, उचलून. आपल्याकडची मिरवणूक आठवून बघा: बॅनर, प्रायोजक, जनरेटरचा टेम्पो, भिंतीएवढे स्पीकर. ते सगळं काढलं तर मागे काय उरतं? माणसं, त्यांनी हातानं केलेली वस्तू, आणि चाल. परेडच्या आधीचे काही आठवडे कार्यशाळा चालते. कुणीही जावं, कागदाचा लगदा, वेत, कापड, जुनी चाकं घेऊन कामाला बसावं. मागच्या वर्षी मी तिथे तीन संध्याकाळी दुसऱ्या एका गटाच्या माशाला खवले चिकटवत होते. शेजारी बसलेल्या बाईंनी नाव विचारलं ते तिसऱ्या दिवशी.

यंदा आमचा विषय सर्पिल, म्हणजे वेटोळं. सूर्य वर चढत जातो, थांबतो, परत फिरतो, हे चालण्यातून दाखवायचंय. पहिली कल्पना तारप्याच्या नाचाची होती; तारपा हे वारली लोकांचं फुंकून वाजवायचं वाद्य. वारली चित्रात मध्ये तारपावाला आणि भोवती उलगडत गेलेली माणसांची रांग असते, तशी रांग रस्त्यावर करायची. पांढरे कपडे, गेरूच्या रंगाची मोठी चादर, रेकॉर्डवर तारपा.

मोकळेपणानं सांगा.

शेवगा | ६ एप्रिल

सुंदर कल्पना! मुलांना घेऊन जायचं मनात आहे, पण त्या परेडमध्ये अंगाला रंग फासून बिनकपड्यांचे सायकलवाले असतात असं ऐकलंय. ते कसं काय? आईंना चालेल का?

सुईदोरा | ७ एप्रिल

शेवगा, ते खरं आहे. ते परेडच्या आधी येतात. अधिकृत परेडचा तो भाग नाही, पण वर्षानुवर्षं येतात आणि लोक त्यांची वाट बघतात. काही जणांनी अंगावर केलेलं रंगकाम इतकं बारीक असतं की लांबून कपडेच वाटतात. आईला मी फोनवर आधीच सांगितलं. ती म्हणाली, "कुंभमेळ्याला जाऊन आलेय मी." मुलांचं ज्यानं त्यानं ठरवावं. नको असेल तर थोडं उशिरा पोचायचं.

खगोलवेडा | ८ एप्रिल

विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून थोडं लांबण लावतो.

सूर्याचा वर्षभराचा मार्ग खरंच वेटोळ्यांचा असतो. सूर्य रोज आकाशात एक फेरी मारतो, पण ती कालच्या फेरीवर तंतोतंत बसत नाही. २२ डिसेंबरपासून रोज किंचित उत्तरेला सरकते. एकाला एक जोडलेल्या या फेऱ्या म्हणजे गोलावर गुंडाळलेला दोराच. मार्चच्या विषुवदिनाच्या सुमारास हे सरकणं सर्वांत जास्त, दिवसाला जवळजवळ ०.४ अंश. तिथे वेटोळी विरळ पडतात. जूनच्या २०-२१ ला सरकणं जवळपास शून्यावर येतं, वेटोळी एकमेकांवर दाटतात, आणि मग दोरा उलटा फिरायला लागतो. सॉल्स्टिस या लॅटिन मुळाच्या शब्दाचा अर्थच सूर्य थबकणं. आपल्या पंचांगात त्या दिवशी सायन दक्षिणायनारंभ लिहिलेला असतो. कर्कसंक्रांत मात्र जुलैच्या मध्यावर येते. अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा संथ फिरत असल्यामुळे, ताऱ्यांवरून मोजणारं निरयन गणित मागे पडलंय, मकरसंक्रांत २२ डिसेंबरऐवजी १४ जानेवारीला येते तसंच.

चार्ल्स रॉस नावाच्या अमेरिकन कलावंतानं १९७१-७२ मध्ये न्यूयॉर्कला वर्षभर रोज एक लाकडी फळी भिंगाखाली उन्हात ठेवली. सूर्य सरकेल तशी फळीवर जळालेली वक्र रेघ उमटायची, ढग आले की तुटायची. वर्षाच्या सगळ्या रेघा टोकाला टोक लावून मांडल्या तेव्हा दुहेरी सर्पिल तयार झालं. अर्धं वर्ष वळण एका अंगाला, विषुवदिनाला रेघ सरळ, पुढचं अर्धं वर्ष दुसऱ्या अंगाला. ती आकृती त्यानं ठरवून काढली नव्हती, सूर्यानं काढली.

शब्दाबद्दल एक. कागदावर काढता येतं ते सर्पिल, गोगलगायीच्या पाठीवरचं किंवा चकलीचं. खांबाभोवती वर चढत जातं ते मळसूत्र, मळसूत्री जिन्यातलं. सूर्याचा दोरा दुसऱ्याला जास्त जवळचा.

डहाणूकडचा | ९ एप्रिल

सुईदोराताई, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं, तरी मला जे वाटतं ते लिहितो. राग मानू नका.

तारपा हा सुगीचा आहे. भात तयार झालं, नवं धान्य घरात आलं की तारपा बाहेर निघतो. वाळवलेला भोपळा, बांबू, ताडाचं पान आणि मेण यांचं ते वाद्य. वाजवणारा फुंकत फुंकत चालतो आणि रांग त्याच्या मागून वळते, त्याच्याकडे कुणी पाठ करत नाही. जूनमध्ये आमच्याकडे कुणाला मान वर करायला वेळ नसतो. पेरणी झालेली असते, पुढे आवणी, म्हणजे भाताची लावणी, असते. जूनच्या परेडमध्ये तारपा ऐकला तर माझ्या आजीला ते दिवाळीत होळी पेटवल्यासारखं वाटेल.

दुसरं म्हणजे, आमची चित्रं पिशव्यांवर, कपांवर, हॉटेलच्या भिंतींवर कुणीही काढतं. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे गंजाडचे. त्यांना २०११ ला पद्मश्री मिळाली, २०१८ ला ते गेले. आयुष्यभर त्यांनी जे चितारलं ते सजावटीसाठी चितारलं नव्हतं. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी विचारून घेणारे थोडेच. तुम्ही आधी विचारलंत हे मला महत्त्वाचं वाटलं, म्हणून एवढं लिहिलं. तुमच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताला येणारं काही फिरतं-वळतं नाही का?

सुईदोरा | ९ एप्रिल

दादा, राग कसला? तुमची पोस्ट दोनदा वाचली. हंगामाचं मला माहीतच नव्हतं, आणि ते माहीत नसताना मी रेकॉर्डवर तारपा लावायला निघाले होते. तारपा रद्द. चादरही रद्द.

तुमचा शेवटचा प्रश्न घेऊन बसलेय.

रेवा_पुणे | १० एप्रिल

वटपौर्णिमा? वडाभोवतीचा दोरा म्हणजे मळसूत्रच की. २०२४ ला वटपौर्णिमा नेमकी २१ जूनला आली होती. आमच्या सोसायटीच्या वडावर संध्याकाळी बघितलं तर पांढऱ्या दोऱ्यांचा हातभर रुंद पट्टा झाला होता.

सुईदोरा | १० एप्रिल

रेवा, प्रतिमा फार आवडली. पण आमच्यातल्या दोघींना ते व्रत परेडमध्ये न्यावंसं वाटत नाही आणि मलाही त्यांच्यावर लादायचं नाही. दोरा आणि खांब मात्र डोक्यात राहिलेत.

काणकोणकर | १२ एप्रिल

दोरा आणि खांब म्हणता आणि गोफ कुणालाच कसा आठवला नाही?

आमच्याकडे गोव्यात शिगम्याला गोफ असतो. मांडवाच्या मध्ये वर रंगीत दोर बांधतात, एकेक टोक एकेकाच्या हातात. घुमट, शामेळ, झांज सुरू झाली की गाण्याच्या ठेक्यावर सगळे एकमेकांना ओलांडत नाचतात आणि वर पेड पडत जातो. गाण्यांत कृष्ण असतो. वेणी पुरी झाली की ठेका तोच, पावलं उलटी, आणि विणलेलं सगळं उकलतं. उकलणं हा नाचाचाच अर्धा भाग. शेवटी दोर पहिल्यासारखे सुटे झाले नाहीत तर नाच पुरा झाला असं आमच्याकडे कुणी म्हणणार नाही.

तुम्हाला सूर्य चढताना आणि परतताना दाखवायचाय ना? विणताना उत्तरायण, उकलताना दक्षिणायन.

आणि हे सगळं शिगम्याचं म्हणजे फाल्गुनातलं आहे, हेही डहाणूच्या दादांसारखं सांगून ठेवतो. पण घाटावरच्या शाळांच्या गॅदरिंगमध्ये गोफ कधीही बसवतात, तेव्हा माझी तरी हरकत नाही. घुमटाची रेकॉर्ड लावू नका, तुमच्याकडे जे हातानं वाजतं ते वाजवा.

जाता जाता, सर्पिलाची आवड असेल तर सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळला या. जांभ्या कातळावर पूर्वजांनी जनावरं कोरलीत आणि त्यांच्यात एक मोठं चक्रव्यूहासारखं वेटोळं आहे. १९९३ मध्ये ते अभ्यासकांच्या नजरेला आलं. पाऊस सरल्यावर या, सकाळच्या तिरक्या उन्हात रेघा दिसतात, दुपारी नुसता दगड.

सुईदोरा | १३ एप्रिल

काणकोणकर, आत्ताच आईला फोन केला. "गोफ येतो का गं तुला?" विचारलं तर पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग म्हणाली, सातवीत होते, सोलापूरला, दोर कमी पडले म्हणून बाईंनी घरून जुनी लुगडी आणायला सांगितली होती आणि आम्ही ती फाडून पट्ट्या केल्या होत्या.

आजीची पाच इरकली लुगडी आईच्या ट्रंकेत आहेत. विरलेली, नेसण्यापलीकडची, गोधडीसाठी ठेवलेली. आई ती घेऊन येतेय. ठरलं.

तळेगावकर | १५ एप्रिल

एक विचारू का? एवढा खटाटोप करताय तर पुढे छोटासा फलक तरी धरा. महाराष्ट्राचा गोफ म्हणून. लोकांना कळायला नको का कुणाचं आहे ते?

सुईदोरा | १५ एप्रिल

काका, शब्दच चालत नाहीत तिथे. सुरुवातीला मलाही ते टोचलं होतं. पण इतकी वर्षं बघताना एक लक्षात आलं. फलक असला की लोक फलक वाचतात, मान डोलावतात आणि नजर पुढच्या गटाकडे जाते. फलक नसला की विचारतात. रस्त्यातच थांबवून विचारतात, हे काय आहे, कसं केलंत, हात लावू का.

सुईदोरा | २ जून

उशिरानं लिहितेय. बरंच काही झालंय.

बारा फुटांचा बांबू मिळाला, चार इंच जाडीचा. सायकलला मागे जोडायची दोन चाकी गाडी एकाच्या गॅरेजमध्ये पडून होती, तिच्यावर तो उभा केला. पहिल्याच वळणावर कलंडला. आता बुडाशी पाण्यानं भरलेले चार कॅन बांधलेत आणि दोघं जण दोन बाजूंनी धरतात.

लुगडी फाडायचा दिवस माझ्या लक्षात राहील. मला वाटलं होतं आईला जड जाईल. तिनं काठापाशी दातानं एक खाच पाडली, दोन्ही हातांत धरून ओढलं, आणि इथून दिवाणखान्याच्या टोकापर्यंत कापड टरकन सरळ रेघेत फाटत गेलं. सुती कापड ताण्याच्या दिशेनं असं फाटतं. काठ मात्र फाटेना, तो घट्ट विणीचा, तो कात्रीनं वेगळा केला. फाडताना घरभर बारीक सूत उडत होतं आणि त्याला ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास होता. आठ पट्ट्या झाल्या, वीतभर रुंद, वीस फूट लांब: दोन हिरव्या, दोन काळ्या, दोन डाळिंबी, दोन पिवळ्या. उरलेल्याची गोधडी होणार आहे.

विणणं अजून जमत नाही. चौघं उजवीकडून, चौघं डावीकडून, समोरच्याच्या एकदा वरून, पुढच्याच्या खालून. ऐकायला सोपं आहे. एक जण चुकला की आठही जणांनी उलटं चालत चुकीपर्यंत मागे जायचं. मुलं कंटाळतात. आईचं म्हणणं, पाय बघू नका, मोठ्यानं "वर, खाली" म्हणत चला, तोंड चुकलं नाही तर हात चुकत नाही. तीन रविवारांत फूटभर वेणी नीट पडली. काल पहिल्यांदा दीड.

ढोलकी मी वाजवतेय, आई टाळ.

वाळवंटातून | ४ जून

मी न्यू मेक्सिकोत असतो. धागा पहिल्यापासून वाचतोय, आज लिहितो.

इथे चाको कॅन्यनमध्ये फहादा ब्यूट म्हणून एकटा उंच कडा आहे. त्याच्या माथ्याजवळ तीन मोठ्या दगडी शिळा कड्याला टेकून उभ्या आहेत आणि त्यांच्या मागच्या भिंतीवर प्यूब्लो लोकांच्या पूर्वजांनी कोरलेलं साडेनऊ वेढ्यांचं सर्पिल आहे. हजारेक वर्षांपूर्वीचं. अ‍ॅना सोफेअर या चित्रकार बाई १९७७ मध्ये कोरीव खुणांची नोंद करायला वर चढल्या, जूनच्या अखेरीस, दुपारच्या सुमारास. शिळांच्या फटीतून आलेली उन्हाची एक सुरी त्या सर्पिलावरून खाली सरकताना त्यांना दिसली. सर्वांत मोठ्या दिवशी ती बरोबर मध्यावरून जायची, आणि सर्वांत लहान दिवशी दोन सुऱ्या सर्पिलाच्या दोन्ही कडांना टेकायच्या.

जायची असं लिहिलं, कारण १९८९ मध्ये लक्षात आलं की शिळा जागच्या हलल्या आहेत. बघायला येणाऱ्यांच्या पायांनी खालची माती झिजली होती. आता वर कुणाला सोडत नाहीत. मी खालच्या रस्त्यावर उभा राहून नुसता कडा बघून आलो. तेवढंच बरोबर वाटलं.

सुईदोरा, वेणी परिपूर्ण झाली नाही म्हणून खंतावू नका. तुमचं काम दुसऱ्या दिवशी सुटं होणार आहे आणि पुढच्या वर्षी पुन्हा करता येणार आहे. या गोष्टीचा मला हेवा वाटतो.

खगोलवेडा | १८ जून

ताई, खांब बारा फुटांचा म्हणालात म्हणून हिशेब करून ठेवला. सिअ‍ॅटलला या दिवसांत सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात दुपारी सव्वाच्या आसपास, तोही ६६ अंशांपर्यंतच. खांबाची सावली तेव्हा साधारण साडेपाच फूट, उत्तरेकडे. तोच खांब त्या दिवशी पुण्यात उभा केला तर मध्यान्हीची सावली जेमतेम फूटभर, आणि ती दक्षिणेकडे पडेल, कारण कर्कवृत्त आपल्या उत्तरेला आहे आणि सूर्य पुण्याला ओलांडून गेलेला असतो. अर्थात पुण्यात त्या दिवशी ढगांतून सूर्य दिसला तर.

तुमचा दिवस सोळा तासांचा, आमचा सव्वा तेरा. परेड झाली की कळवा.

सुईदोरा | २३ जून

परेड झाली. दोन दिवस नुसती झोपून काढले. आता सगळं लिहिते.

सकाळी नेहमीचा जूनचा राखाडी ढग होता, साडेअकराला फाटला. आमच्या पुढे कागदी पक्ष्यांचा थवा होता, मागे पत्र्याचे डबे वाजवणारी पंचवीस-तीस माणसं. त्यांच्यात आणि आमच्यात ठेका जुळेना, तेव्हा त्यांच्यातली एक मुलगी पळत पुढे आली, माझ्या ढोलकीवर कान ठेवल्यासारखी वाकली, आणि मागे जाऊन तिनं सगळ्यांना तो ठेका दिला. पुढचा मैलभर पत्र्याचे डबे आमच्या गोफाला वाजत होते.

पहिल्या थांब्यावर गोफ नीट पडला. दोन फूट वेणी, एकही चूक नाही. मुलांनी उकलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आम्ही पुढे सरकलो.

दुसऱ्या थांब्यावर तळ्याकडून वारा आला. पट्ट्या पतंगासारख्या उडाल्या, एक पिवळी चाकाच्या आसात गुंतली, धरणारी मैत्रीण ती सोडवायला बसली. एक हिरवी सुटून फुटपाथपर्यंत गेली. तिथे बसलेल्या पाच-सहा वर्षांच्या एका मुलीनं ती उचलली. आम्ही म्हणालो दे. ती देईना. तिनं पट्टी छातीशी धरली होती आणि ती उठून रस्त्यावर आली. मागून तिचा बाप, एका कडेवर धाकटं बाळ, तो माफी मागत आला आणि मुलीच्या मागे तीच पट्टी धरून उभा राहिला.

आता आठाचे दहा झाले. वेणीचं गणित मोडलं. मी ढोलकी थांबवली. काय करावं सुचेना.

आई पुढे आली आणि म्हणाली, "विणू नका. सगळे एकाच अंगानं चाला. नुसतं गुंडाळा."

ढोलकी परत सुरू केली. सगळे एका दिशेनं चालायला लागले. वेणी पडली नाही, पट्ट्या खांबावर वेढ्यामागून वेढा चढवत बसायला लागल्या, हिरव्याशेजारी काळी, काळीशेजारी डाळिंबी. यात चुकण्यासारखं काही नव्हतं. एकेका पट्टीवर मागून कुणीही येऊन धरू शकत होतं, आणि लोक आलेही. फुटपाथवरून उतरून, खांद्यावरची पिशवी सावरत, एक आजोबा काठी टेकत. पक्ष्यांच्या थव्यातले दोघं पंखांसकट आले. एका पट्टीवर तीन, दुसरीवर पाच. मी मोजायचा प्रयत्न केला, तिसाच्या पुढे सोडून दिलं.

पट्टी गुंडाळली जाते तशी तोकडी होते, म्हणून प्रत्येक फेरीला सगळ्यांना थोडं आत यावं लागतं. हे आम्ही ठरवलेलं नव्हतं. सुरुवातीला हातभर अंतरावर असलेली अनोळखी माणसं शेवटी खांद्याला खांदा लावून खांबाशी आली. अगदी आत मुलं, बाहेर मोठी. आणखी चालायला जागाच उरली नाही, सगळे थबकले. आईनं टाळ एकदा जोरात वाजवला आणि उलट हात दाखवला. मग तेच सगळे मागे मागे, बाहेर बाहेर, पट्ट्या सुटत गेल्या आणि वर्तुळ पार दोन्ही फुटपाथांना जाऊन भिडलं.

त्यानंतर आम्ही वेणी घातलीच नाही. प्रत्येक थांब्यावर हेच केलं. काणकोणकर, तुमचा गोफ पूर्ण करून दाखवायचा होता, तो राहिला. पण जे झालं ते मला आमच्या सगळ्या सरावापेक्षा जास्त खरं वाटलं. आठ जणांचं विणकाम बघायला लोक उभे राहिले असते. हे त्यांना करता आलं.

परेड संपल्यावर खांब घेऊन गॅस वर्क्स पार्कला गेलो. तिथल्या टेकडीच्या माथ्यावर १९७८ पासूनचं मोठं सूर्यघड्याळ आहे, जमिनीत शिंपले, काच, ब्राँझ बसवून केलेलं. त्याला काटा नाही. ठरलेल्या जागी आपण उभं राहायचं, आपली सावली वेळ दाखवते. आई उभी राहिली. साडेपाच वाजले होते, तिची सावली लांब पडली होती. मग ती तिथेच बसली आणि चपला काढून पाय चोळत म्हणाली, "अजून चार तास उजेड आहे का खरंच?"

खगोलवेडा | २३ जून

वाचता वाचता कागद घेतला. चार इंच जाडीच्या खांबाचा घेर साडेबारा इंच, म्हणजे एका फेरीत सगळे फूटभर आत येत होते. खांबावर पट्टी मळसूत्र काढत होती आणि त्याच वेळी खाली रस्त्यावर माणसांच्या पावलांनी सर्पिल. दोन्ही एकदम. मला हे आधी सुचायला हवं होतं.

काणकोणकर | २४ जून

ताई, गोफ राहिला कुठे? गुंडाळलंत तेवढं सगळं उकललंत ना? मग पुरा झाला. आईंना माझा नमस्कार सांगा.

डहाणूकडचा | २६ जून

वाचून आनंद झाला. आमच्याकडे पाऊस लागलाय, राबातलं भात वर आलंय, पुढच्या पंधरवड्यात आवणी. तुम्ही तारपा मागितला होतात, मी नको म्हटलं होतं. भात निघालं की आमच्या पाड्यावर आमचे काका वाजवतील. त्यांना विचारलं, रेकॉर्ड केलेलं तुम्हाला पाठवायला त्यांची ना नाही. मात्र परेडसाठी नाही, घरी बसून ऐकायला.

सुईदोरा | २६ जून

दादा, काकांना नमस्कार सांगा. आईचं परतीचं तिकीट नोव्हेंबरचं आहे, म्हणजे तीही ऐकेल. पट्ट्या धुऊन मागच्या डेकवर वाळत घातल्यात. सात आहेत. आठवी, हिरवी, त्या मुलीकडे आहे, आईनंच तिला ठेव म्हणून सांगितलं.

सुगी झाली की धागा वर काढते.